ह्यांच्या नाकाने निवडलेली झाडं

आमच्या घरात राग माझ्या नाकावर आणि संसार ह्यांच्या नाकावर, असं मी लग्नापासून सगळ्यांना सांगत आले. रागाचं तुम्हाला पुढे कळेलच. संसाराचं आधी सांगते.

हे साबणाच्या कारखान्यात होते. साबण करणारे हात पुष्कळ, पण कुठल्या साबणाला कसला वास द्यायचा आणि किती द्यायचा, ते ठरवणारं नाक एकच, ते ह्यांचं. सुगंधी तेलांच्या बाटल्या यायच्या, त्यांवर नाव नसायचं, नुसता नंबर. नाव वाचलं की नाक आळशी होतं, असं ह्यांचं म्हणणं. कागदाची पट्टी बाटलीत बुडवायची, नाकाखालून एकदाच फिरवायची आणि डोळे मिटायचे. दुसरी बाटली उघडण्याआधी कोपराच्या खळगीत नाक खुपसून स्वतःच्याच बाहीचा वास घ्यायचा. आपला वास घेतला की नाक ताळ्यावर येतं म्हणे. मग "पास" किंवा "परत". त्यांनी परत म्हटलं की आख्खा माल परत जायचा. कारखान्यात सगळे त्यांना नाकसाहेब म्हणायचे, मोठे साहेबसुद्धा.

असलं नाक घरात असलं की बायकोचं काय होतं तेही ऐका. डोक्याला वासाचं तेल लावायचं नाही. पावडर नाही. घरात फुलं आणायची नाहीत. लसणाची फोडणी फक्त सुट्टीच्या दिवशी, तीही खिडक्या उघड्या टाकून. माझ्या बहिणीने एकदा हौसेने अत्तराची बाटली दिली, तर हे बाटली उचलून बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून आले, एखादी ओली छत्री ठेवतात तशी. आणि आंघोळीचा साबण बिनवासाचा. साबणवाल्याच्या घरात बिनवासाचा साबण! मला कुणाला सांगायचीही सोय नव्हती, लोक हसायचे.

मी काही गाय नाही. भांडले, आदळआपट केली, एकदा तर चांगले दोन दिवस माहेरी जाऊन बसले. तेव्हा हे मला न्यायला आले आणि फाटकात उभे राहून म्हणाले, "मी रिटायर झालो की तुझं घर वासाने भरून टाकीन. अंगण असलेलं घर घेऊ. झाडं लावू. एकेक झाड मी माझ्या नाकाने निवडीन." हे तसे कमी बोलतात, त्यामुळे जे बोलतात ते लक्षात राहतं. मी पिशवी उचलली आणि घरी आले. पुढची सगळी वर्षं मी त्या अंगणाकडे डोळे लावून काढली, असं म्हटलं तर जरा जास्त होईल, पण फार जास्त नाही.

मग हे रिटायर झाले. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे बेताचं अंगण, असं एक घर मिळालं. पायऱ्यांजवळ एक, झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली एक, फाटकाजवळ एक, अशा तीन जागा मी राहायला आलो त्याच दिवशी ठरवून टाकल्या. आणि सामान लावताना स्टुलावरून पडून पाय मोडून घेतला. प्लास्टर काढेपर्यंत थांबू, असं हे म्हणत होते. मी थांबणार? मी म्हटलं, निवडायचंय तुमच्या नाकाने, माझा पाय कशाला हवा? आत्ताच्या आत्ता जा.

हे गेले. संध्याकाळी हातगाडीवर तीन झाडं घेऊन आले. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. एक, दोन, तीन. नावं विचारली तर म्हणाले, "नावं मी विचारलीच नाहीत. नाव कळलं की नाक आळशी होतं." मला झाडांतलं काय कळतं? लग्नाआधी भाड्याची खोली, लग्नानंतर कारखान्याच्या क्वार्टर्स, तिसरा मजला. माझ्या हाताने कोथिंबीरसुद्धा कधी उगवलेली नाही. ह्यांचं तरी काय वेगळं? मोगरा म्हणजे पत्र्याच्या डब्यातलं पिवळसर तेल, एवढीच ह्यांची मोगऱ्याशी ओळख. झाड कसं असतं ते दोघांनीही धड पाहिलेलं नव्हतं. पण नाक होतं ना. मी निर्धास्त होते.

झाडं लागली, रुजली, फुललीही. पांढरीशुभ्र फुलं. हे सकाळी उठून पायऱ्यांवर बसायचे, फुलावर वाकायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "काय घमघमाट सुटलाय." मी कुबडी टेकत जायची, वाकायची, जोरात वास घ्यायची. काही नाही. दुसऱ्या झाडाला काही नाही. तिसऱ्याला ओल्या मातीचा जरासा, तोही झाडाचा नव्हे.

आता कुणीही शहाणं माणूस म्हणालं असतं, ह्या झाडांना वास नाही. मला ते सुचलंच नाही. ज्या नाकाच्या शब्दावर गाड्याच्या गाड्या माल परत जायचा, ते नाक घमघमाट म्हणतंय आणि मला काही येत नाही, याचा अर्थ एकच. माझं नाक गेलं.

इतकी वर्षं वाट बघितली आणि वास दारात आला तेव्हा माझंच नाक बंद पडावं? मी गुपचूप चाचण्या सुरू केल्या. हिंगाची डबी उघडली, आला. कांदा आला. रॉकेलची जुनी बाटली, ठसका लागेपर्यंत आली. मग मनात आलं, बारीक, नाजूक वास तेवढे गेले असणार, भडक तेवढे राहिले. तीही म्हणे पहिली पायरी असते. कुठे म्हणतात कोण जाणे, पण मी स्वतःला तसं सांगितलं. समोरच्या वहिनींना मुद्दाम चहाला बोलावलं आणि फुलांपाशी नेलं. त्या वाकल्या, सरळ झाल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "छान टवटवीत आहेत हो." मी आदल्याच आठवड्यात त्यांना ह्यांच्या नाकाची सगळी कीर्ती ऐकवली होती. बिचाऱ्या दुसरं काय म्हणणार? पण तेव्हा मला एवढंच कळलं की त्यांना वास आला आणि त्या मला बरं वाटावं म्हणून बोलल्या नाहीत.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मी ह्यांना घरी पाठवलं, बाजारातून येते म्हटलं आणि नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझे डोळे मिटायला लावले आणि नाकापुढे एकेक काही धरत गेले. मी सांगत गेले. लवंग. कॉफी. संत्र्याची साल. मग एक आला, तो मी झोपेतसुद्धा ओळखला असता. म्हटलं, हा आमच्या कारखान्यातला गुलाबी साबण, आणि जुना माल आहे, वास उतरलाय त्याचा. डॉक्टर हसायला लागले. म्हणाले, "काकू, तुमचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे. तक्रार काय आहे तुमची?" माझ्या अंगणातल्या फुलांचा मला वास येत नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "मग झाडं बदला."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता मला सगळं कळलं. मागच्या महिन्यात दूध उतू जाऊन, जळून, कोळसा झालं होतं आणि हे शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. मी म्हटलं होतं, काय ते वाचनात बुडणं. भाजी खाली लागली तर हे "छान झालीय" म्हणून वाढून घ्यायचे. मला वाटायचं, वयानं माणूस समजूतदार झाला.

माझं डोकं असं तापलं की रिक्षासुद्धा केली नाही, तशीच दुखऱ्या पायाने तणतणत निघाले. काय काय बोलायचं ते वाटेत ठरवत होते. माझ्या आयुष्याचं बिनवासाचं वाटोळं केलंत, इथून सुरुवात करायची होती. मला खोटं सांगितलंत. रोज सकाळी घमघमाट म्हणालात. मला वेडी ठरवलंत. सगळं मुद्देसूद तयार होतं.

फाटकाशी आले तर हे पायऱ्यांजवळच्या झाडापुढे उकिडवे बसलेले. पाठ माझ्याकडे. त्यांनी आधी कोपराच्या खळगीत नाक खुपसलं, बाहीचा वास घेतला, कारखान्यात घ्यायचे तसा. मग दोन बोटांनी फूल धरून नाकाशी नेलं. थांबले. परत बाही, परत फूल. आजूबाजूला कुणी नव्हतं, कुणाला दाखवायला ते करत नव्हते. फूल सोडून दिलं आणि तसेच बसून राहिले, गुडघ्यांवर हात ठेवून. माझा राग कुठे गेला ते मला अजून कळलेलं नाही. मला रडू आलं. हा माणूस रोज असा एकटा बसून स्वतःचं नाक शोधत होता आणि मी घरात हिंगाच्या डब्या उघडत होते.

मी फाटक मुद्दाम वाजवून आत गेले. आता काय बोलावं ते सुचेना, म्हणून जे तोंडाला आलं ते बोलले. "डॉक्टरांकडे गेले होते. माझं नाक बधिर झालंय म्हणतात. आता फारसं काही यायचं नाही."

हे पांढरे पडले. मला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं, चहा टाकला आणि चहा होईस्तोवर पातेल्यापुढून हलले नाहीत. एक कप माझ्या हातात दिला आणि दुसरा घेऊन समोर बसले.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "पहिल्यांदा चहा नुसता गरम लागेल. गोड कळेल, चहा कळणार नाही. गॅसवर काही ठेवलं की जवळ उभं राहायचं, म्हणजे झालं. जेवताना आधी ताटाकडे नीट बघायचं, बघितलं की थोडी चव येते. त्याची सवय होते. एकाच गोष्टीची होत नाही. आपलं माणूस मागून येऊन उभं राहिलं तरी आल्यासारखं वाटत नाही. घरात आपण एकटेच आहोत, असं वाटत राहतं."

एवढं बोलून त्यांनी कप खाली ठेवला. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्याच कानावर पडलं असावं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

त्यांनी बराच वेळ कपाच्या कानाशी चाळा केला. मग सांगितलं. रिटायर व्हायच्या आधीची दोन वर्षं. आधी गुलाब गेला, मग मोगरा, मग एकेक करत सगळे. मग कारखान्यात कसं निभावलं, असं मी विचारलं. तर म्हणाले, हाताखाली एक मुलगी आली होती शिकायला, हुशार, पण मनातलं सगळं तोंडावर दिसायचं. पट्टी आधी तिला द्यायचो, तिचं तोंड बघायचो आणि पास किंवा परत म्हणायचो. एकदाही चुकलो नाही. आता तीच तिथली नाकसाहेब आहे. "नर्सरीत कुणाचं तोंड बघणार?" ते म्हणाले. "तुझा पाय प्लास्टरमध्ये. तू बरोबर असतीस तर चुकलो नसतो."

मला सांगितलं का नाही, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. फाटकात उभं राहून दिलेला शब्द आहे, तो पाळता येत नाही हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मला कळलं ते. पण तेवढ्यात दुसरंच काहीतरी डोक्यात आलं आणि गेलेला राग परत आला.

"थांबा," मी म्हटलं. "दोन वर्षं तुम्हाला वासच येत नव्हता? म्हणजे ती दोन वर्षं मी बिनवासाच्या साबणाने उगाच आंघोळ केली?"

"हो," ते म्हणाले. "वासाचा आणू दिला असता तर तुला संशय आला असता."

मग मला हसू फुटलं, ते आवरेना. हेही हसायला लागले, आधी घाबरत, मग मोकळे. माझं नाक शाबूत आहे, मघाशी थाप मारली, हे मी हसता हसताच सांगून टाकलं. कुणी कुणाला काही म्हणायची सोयच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नर्सरीत गेलो. नर्सरीवाल्या बाईंनी ह्यांना लगेच ओळखलं. मी सरळ विचारलं, ती तीन झाडं कसली दिलीत? त्या म्हणाल्या, एक तगर, एक पांढरी कोरांटी, एक मुसंडा. तिन्ही बिनवासाची. मग बोलला का नाहीत? तर त्या म्हणाल्या, "साहेब एकेक फूल हुंगून बाजूला करत होते. मला वाटलं, आयुष्यभर वासात काढलेला माणूस, कंटाळला असेल. मुद्दाम बिनवासाची शोधतायत. म्हटलं, काय पारख आहे, बरोब्बर बिनवासाचीच निवडली." हे खाली बघून चप्पल झाडायला लागले. मी त्यांचा हात धरला आणि बाईंना सांगितलं, ती झाडं छानच आहेत, ती राहू देत, आता वासाची दाखवा.

खरी गंमत इथून. हे म्हणाले, नाक तुझं, डोकं माझं. तू वास घे आणि सांग. मी एका फुलावर वाकले आणि म्हटलं, छान आहे. छान म्हणजे काय? गोड आहे? हो. कसला गोड? मधाचा, की पिकलेल्या फळाचा? नाकातच राहतो की घशात उतरतो? पहिल्यांदा येतो तसाच राहतो की मागून वेगळं काही येतं? माझ्या नाकीनऊ आले. मी म्हटलं, मला नोकरीला ठेवताय का? पण पुन्हा वाकले. नीट लक्ष दिलं तर खरंच मागून काहीतरी येत होतं. लोण्यासारखं, म्हटलं मी. जरासं शिळं व्हायला आलेलं लोणी, पण चांगलं. ह्यांनी डोळे मिटले होते, ते मिटलेलेच ठेवून म्हणाले, "अनंत." बाई म्हणाल्या, अगदी बरोबर. पुढचं बारीक पांढऱ्या फुलांचं, गडद चकचकीत पानांचं. संत्र्याच्या सालीच्या जवळपासचं काहीतरी, पण सालीतला कडूपणा काढून टाकलेला, असं मी सांगितलं. "कामिनी," हे म्हणाले. त्यांच्या डोक्यात सगळे वास जागच्या जागी होते, एकही हललेला नव्हता. दार तेवढं लागलं होतं.

रातराणीही बघितली. दिवसा तिला काही वास नव्हता. हे म्हणाले, ती फार दांडगी, खिडकीखाली लावली तर दुसऱ्या कुणाला जागा ठेवणार नाही, तुझं डोकं उठेल. हे त्यांनी बाटलीवरूनच सांगितलं, पण बाईंनी मान हलवली. म्हणून खिडकीखाली कामिनी ठरली आणि फाटकाजवळ अनंत. पायऱ्यांजवळ मोगरा हवा, हे मी लहानपणापासून ठरवलेलं, त्यात कुणाचं काही ऐकायचं नव्हतं. पण त्यावर तेव्हा एकही फूल नव्हतं. नुसती पानं घेऊन आलो.

तगर, कोरांटी आणि मुसंडा कुंपणाकडे सरकवली. आता तिथे मस्त माजलीत. समोरच्या वहिनी हल्ली येतात त्या आधी अनंतापाशी थांबतात आणि मग घंटी वाजवतात. आमच्या न्हाणीघरात गुलाबी साबण आहे.

मोगऱ्याला पहिलं फूल आलं त्या संध्याकाळी हे पायऱ्यांवरच बसले होते. मी वाकले, वास घेतला आणि त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी विचारलं, कसा आहे? आता मी बऱ्यापैकी तयार झाले होते. गोड, घशात उतरतो, वगैरे सांगता आलं असतं. पण मला ते काही सांगावंसं वाटेना.

"तुमच्या सदऱ्यासारखा आहे," मी म्हटलं. "कारखान्यात मोगऱ्याच्या साबणाचा दिवस असला की संध्याकाळी तुमच्या सदऱ्याला यायचा ना, तसा. तुम्ही आत येऊन सदरा खुंटीला लावायचात आणि हातपाय धुवायला जायचात. मी तेव्हा तो काढून घेऊन वास घ्यायचे. रोज. मोगरा असला तर जरा जास्त वेळ."

हे माझ्याकडे बघत राहिले. "मला कधी बोलली नाहीस," म्हणाले.

"बोलले असते तर तुम्ही सदराही खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला असता. घरात तेवढा एकच वास होता माझा."

त्यांनी हात उचलला, कोपराच्या खळगीत नाक खुपसलं आणि बाहीचा वास घेतला. या वेळी घाई केली नाही. मग मोगऱ्यावर वाकले आणि डोळे मिटले.

"आला?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "पण कुठला ते कळलं." आणि फूल न तोडता तसेच वाकून राहिले.